एक किलो तीस ग्रॅम

मी दुर्बीण बोलतेय. वजन आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी टोमणा मारायला नको. एक किलो तीस ग्रॅम, पट्ट्यासकट. पट्टा मूळचा नाही, घोड्याच्या जुन्या लगामाचा आहे. तो वजा केला तर मी जरा सडपातळ ठरेन. पण नारिन नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या सारी-कुंगेय गावात, असं वजा करून मोजायची कोणाला सवय नाही.

माझा जन्म व्होल्गाकाठच्या एका कारखान्यात झाला. जन्मतःच अंगावर ‘१० × ५०’ असं कोरलं गेलं. दहा म्हणजे लांबची वस्तू दहापट जवळ दिसते. पन्नास म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. काच रुंद असली की उजेड जास्त आत येतो, आणि वजनही. उजेड फुकट मिळत नाही, कोणाला तरी तो उचलावा लागतो. तपासणाऱ्या बाईंनी मला डोळ्यांना लावून समोरच्या धुराड्याच्या विटा पाहिल्या, ‘जरा पिवळट दिसतंय, चालेल’ म्हणाल्या आणि शिक्का मारला. तेव्हापासून मला जगातला सगळा बर्फ लोण्यासारखा दिसतो.

माझ्या उजव्या डोळ्यात बारीक रेघांची एक फुली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना अंतर मोजायच्या खुणा, कारण मला लष्करात जायचं होतं. लष्कराने मला सीमेवरच्या एका चौकीत ठेवलं. तिथे मी सात वर्षं बर्फ बघितला. शत्रू आला नाही. त्या थंडीत यायला शत्रू काही वेडा नव्हता. पुढे चौकीचा अधिकारी बदलून गेला, तेव्हा त्याने मला गावातल्या एका मेंढपाळाला दिलं आणि बदल्यात एक मेंढा नेला. मेंढ्याचं काय झालं ते त्याच संध्याकाळी गावाला वासावरून कळलं. माझं काय झालं ते सांगते.

मेंढपाळाचं नाव उलारबेक. उलार हा आमच्या डोंगरातला पक्षी: गलेलठ्ठ कोंबड्याहून मोठा, दगडाच्या रंगाचा, बर्फाच्या कडेने राहणारा, पहाटे उतारावर शिट्टी घालणारा. पोराला डोंगर मानवावा म्हणून बापाने हे नाव ठेवलं, आणि पोराला डोंगर इतका मानवला की तो सबंध खोऱ्यात नाव काढणारा शिकारी झाला. मेंढ्या राखणं हा त्याचा नुसता बहाणा होता. शरद ऋतूत परवाना काढून तो रानबोकड मारायचा, आणि उलारही. त्याची बायको सायराकान म्हणायची, “आमचे हे दरवर्षी स्वतःलाच मारून आणतात. शिजवायचं मात्र मी.”

उलारबेकने मला कधी गळ्यात घातलं नाही. मी खोगिराला लटकायची. शिकाऱ्याच्या दुर्बिणीचं वजन घोडा उचलतो, म्हणून वजनाच्या बाबतीत शिकाऱ्यांची मतं फार उदार असतात. खिंडीत पोचलं की तो पोटावर झोपायचा, दगडावर आपला कल्पाक ठेवायचा, त्या टोपीवर मला टेकवायचा, आणि मग तासभर आम्ही दोघं हलायचो नाही. दिवसातून तो मला फार तर दहा वेळा उचलायचा, पण उचललं की लवकर ठेवायचा नाही.

“हलकी दुर्बीण वाऱ्यावर डुलते,” तो पाहुण्यांना सांगायचा. “जड असली की हात गप्प बसतो. माझ्या हिच्याकडे बघा. पहाटे, अजून आपला हात आपल्याला दिसत नाही, तेव्हा ही मला पलीकडच्या उतारावरच्या बोकडाची दाढी दाखवते.”

दाढीचं खरं होतं. अंतराचं मात्र तेवढं खरं नसायचं. माझ्या खुणांवरून तो बिनचूक सांगायचा, तीनशे मीटर. गावात येईपर्यंत ते सातशे व्हायचं. त्यात माझा दोष नाही.

अशी पस्तीस वर्षं गेली. मग घरात सून आली. तिचं नाव बुरुल.

आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नुसतं नाव नव्हे, त्या नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नाही. सासऱ्याच्या नावात दगड असेल, तर तिने जन्मभर दगडाला ‘कठीण’ म्हणावं. बहुतेक सुनांचं यात भागून जातं. बुरुलचं नशीब असं, की ती जीवशास्त्र शिकून आलेली, पक्ष्यांची वेडी, आणि सासऱ्याचं नाव उलारबेक. तिने पहिल्याच महिन्यात त्या पक्ष्याला ‘वरचा शिट्टीवाला’ असं नाव देऊन टाकलं. तिचा नवरा सामात तेव्हा रशियात मालमोटार चालवायला गेला होता. त्याला तिने फोनवर सांगितलं, “काल पहाटे वरच्या शिट्टीवाल्याला तासभर बघत बसले होते.”

पलीकडे करकचून ब्रेक लागला. मग, “कोण शिट्टीवाला?”

“अहो, तोच. आपल्या अतांच्या नावाचा.” अता म्हणजे वडील.

“मग आधी तसं म्हणावं,” सामात म्हणाला. “मी इथे तीन हजार किलोमीटरवर गाडी थांबवून उभा आहे.”

बुरुलने पहिला उन्हाळा माझ्याबरोबर काढला. सासऱ्याने मला मोठ्या मनाने दिलं होतं. मोठं मन आणि घरी राहिलेला घोडा, दोन्ही त्याचे. तिला मी गळ्यात घालावी लागली. पक्षी बघणाऱ्याचं काम शिकाऱ्याच्या अगदी उलट. शिकारी एकदा बघतो आणि बघतच राहतो. पक्षी बघणारा दिवसातून तीनशे वेळा दुर्बीण उचलतो आणि तीनशे वेळा खाली सोडतो, कारण पक्षी उडून गेलेला असतो. तिसऱ्या दिवशी बुरुलची मान एका अंगाला वळेना. सायराकानने मेंढीची चरबी चोळली आणि विचारलं, “पाखरं बघायला गेली होतीस की दळण आणायला?”

शिवाय मला जवळचं दिसत नाही. आठ मीटरच्या आत आलेली वस्तू म्हणजे माझ्यासाठी नुसतं धुकं. शत्रूने इतकं जवळ येऊ नये अशीच कारखान्याची अपेक्षा असावी. एकदा तीन पावलांवरच्या झुडपावर निळ्या शेपटीचा एक चिमुकला पक्षी बसला. तो मला दिसावा म्हणून बुरुल मागे सरकली, आणखी मागे सरकली, आणखी एक पाऊल, आणि आम्ही दोघी पाटात पडलो. पक्षी तिथेच बसून बघत होता. दिसायला त्याला काही अडचण नव्हती.

“आणि ती फुली,” ती घरी येऊन म्हणाली. “अता, ज्या चंडोलाकडे बघावं त्याच्या छातीवर फुली. गाणं ऐकायला गेले आणि त्याला शिक्षा सुनावून आले असं वाटतं.”

“सवय होते,” उलारबेक म्हणाला.

“आणि सगळं पिवळं दिसतं. पिवळ्या धोब्याला पिवळा म्हणावं की नाही तेच कळत नाही.”

“बोकड मारायला रंग लागत नाही. आणि बोकड आपला रंग विचारायला येत नाही.”

असे पाच उन्हाळे गेल्यावर जिल्ह्याच्या पक्षिगणना कचेरीने बुरुलला सहा महिन्यांच्या बोलीवर गणनेचं काम दिलं, आणि त्याबरोबर एक नवी दुर्बीण. ‘८ × ३२’. नाजूक, हिरवी, रबराचा अंगरखा घातलेली, वर पावसात भिजली तरी आत थेंब न जाणारी. सायराकानने लोकर तोलायचा ताणकाटा काढला आणि आम्हा दोघींना आळीपाळीने आकड्याला टांगलं. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. तिचं भरलं पाचशे वीस.

“बघा,” सायराकान नवऱ्याला म्हणाली, “निम्म्यात काम झालं.”

“निम्मंच दिसेल,” उलारबेक म्हणाला.

खरं म्हणजे तिला दिवसा माझ्याहून चांगलंच दिसायचं. दोन मीटरवरच्या मुंगीचे पाय दिसायचे, रंग जसेच्या तसे, आणि आठच पटींनी मोठं दाखवत असल्यामुळे तिचा मुलूखही रुंद. उडता पक्षी हातचा जायचा नाही. बुरुल तिला दिवसभर गळ्यात घालून हिंडायची आणि संध्याकाळी मान दोन्ही अंगांना वळायची. माझी रवानगी पेटीत झाली, दोन मेंढ्यांच्या कातड्यांमध्ये. पेटीत उजेड किती आत येतो याला काही महत्त्व नसतं.

मग एप्रिल उजाडला.

गावासमोरच्या घळीच्या पलीकडच्या उतारावर उलार किती, हे मोजायचं कचेरीने ठरवलं. नऊ किंवा जास्त भरले, तर तो उतार राखीव होणार. तिथे बंदूक बंद, आणि राखायला एक कायमची नोकरी. नऊच्या आत भरले तर उतार मोकळा आणि बुरुलची सहा महिन्यांची बोली संपली. त्या नोकरीत घरातल्या सगळ्यांचा जीव अडकला होता, कारण ती मिळाली असती तर सामातला रशियात राहायचं कारण उरलं नसतं. सहा वर्षांत तो तीनदा घरी आला होता. सायराकानने त्याच्या खोलीचं दार लोटून ठेवलेलं होतं, पण आतली गादी दर आठवड्याला उन्हात टाकायची.

आणि तो उतार उलारबेकचा होता. कागदावर नव्हे. पण त्याच्या बापाने त्याला पहिला बोकड तिथेच दाखवला होता.

बुरुल पाच पहाटे घळीच्या अलीकडे बसून आली. उलार बोलतात ते पहाटेच, सूर्य उतारावर आला की दगडात दगड होऊन जातात. पाचही दिवस तिची मोजणी तीनच भरली.

“शिट्ट्या दहा ठिकाणांहून येतात,” ती चुलीशी बसून सांगत होती. “पण दिसत काही नाही. काळोखात काळोख हलतो. उजाडून दिसायला लागलं की ते बसलेले.”

“तीन म्हणजे बरेच झाले,” उलारबेक पाव चहात बुडवत म्हणाला.

सायराकानने त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं नाव न घेता नवऱ्याशी बोलायची सवय झालेल्या बाईला बघूनच बरंच बोलता येतं. तरी ती बोललीच. “गेल्या शरदात या घरात कोणीतरी म्हणत होतं, पलीकडे इतके आहेत की डोळे मिटून बार काढला तरी एक पडेल. मी म्हटलं, कोण बरं म्हणत होतं?”

“शिकारी बोलायचं म्हणून बोलतात.”

“हो ना. आणि तपासनीस परवा येतोय. गादी उन्हात टाकायचं बंद करते मी. उगाच कापूस उडतो.”

उलारबेकने पाव खाल्ला नाही. तो चहातच विरघळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी उघडली. घोड्यावर खोगीर चढलं, आणि मी खोगिराला.

“अता, तुम्ही कशाला?” बुरुलने विचारलं.

“तू पाडशील तिला. मागे पाटात पाडलीस.”

घळीच्या काठाशी त्याने टोपी दगडावर ठेवली, टोपीवर मला, आणि बुरुलला माझ्यामागे पोटावर झोपायला सांगितलं. मी सांगते, त्या वेळी माझ्यातून जे दिसलं ते हलकीतून कधी दिसलं नसतं. माझ्यातून डोळ्यात पडणारा उजेडाचा ठिपका पाच मिलिमीटरचा, तिचा चारचा. वाचायला फरक एवढासा वाटतो. पण तरुण माणसाची बाहुली अंधारात सताड उघडी असते, आणि बुरुलच्या डोळ्यांनी त्या पहाटे माझ्याकडचा सगळा उजेड पिऊन घेतला. उलारबेकचे म्हातारे डोळे तेवढे उघडेनासे झाले होते. त्याला आता माझ्यातून पूर्वीइतकं दिसत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

“इकडेतिकडे बघू नको,” तो कुजबुजला. “पाखरामागे धावशील तर एकच तीनदा मोजशील. फुली त्या काळ्या सुळक्यावर ठेव. आता डावीकडच्या खुणा मोज. एका खुणेत जेवढा डोंगर मावतो तेवढाच बघ. झाला की पुढची खूण.”

“पहिल्या खुणेत एक. नाही, दोन.”

“मान वर काढून शिट्टी घालतोय तो नर. बाजूला खडा खाली घरंगळेल, ती मादी. खडा दिसला का?”

“दिसला.”

“मग दोन.”

ते असे खूण-खूण करत डावीकडून उजवीकडे गेले, आणि उजवीकडून डावीकडे परत आले. दोन्ही वेळा अकरा. पस्तीस वर्षं बोकडांचे कळप ज्या रीतीने मोजले, तीच रीत. फुली कोणावर बार काढण्यासाठी नव्हती, डोंगराचे तुकडे पाडण्यासाठी होती, हे बुरुलला पहिल्यांदा उमगलं. मलाही.

उतरताना ती म्हणाली, “जड आहे खरी. पण अजिबात हलली नाही.”

“मी काय सांगत होतो,” उलारबेक म्हणाला, आणि घोड्याचा लगाम धरून पुढे झाला.

तपासनीस आला. मेदेर त्याचं नाव, शहरातला, नीटनेटका, कागदांना माणसांपेक्षा जास्त जपणारा. जमिनीवर जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरून तिच्यावर लोणी, साय आणि तळलेल्या कणकेचे बोरसोक मांडले गेले. त्याने एकेक खाल्लं आणि बोटं पुसून तक्ता काढला.

“संख्या अकरा. छान. तिसरा रकाना, स्थानिक नाव. तुम्ही लिहिलंय, ‘वरचा शिट्टीवाला’.” त्याने यादी उलटसुलट पाहिली. “असा पक्षी नाही.”

“म्हणजे तो हो,” बुरुल म्हणाली. “राखाडी. बर्फाकडेला असतो.”

“नाव सांगा, मी लिहितो. नियम असा आहे की निरीक्षकाने नाव तोंडी सांगायचं. नाहीतर लोक पुस्तकातून उतरवून काढतात.”

“तुम्हाला कळलंय ना कोणता तो?”

“मला कळून चालत नाही. तपासनिसाने उत्तर सुचवायचं नाही, हाही नियम आहे.”

“शास्त्रीय नाव सांगू?”

“त्याचा रकाना चौथा. तो भरलेला आहे. तिसरा रिकामा राहिला की ओळ बाद. ओळ बाद म्हणजे शून्य.”

बुरुलचे कान लाल झाले. समोर चार हातांवर सासरा बसलेला. सहा वर्षं तिने तो शब्द गिळला होता. कागदावर लिहिताना हात थांबायचा, फोनवर जीभ थांबायची. एकटी असती तर कदाचित म्हणालीही असती. इथे, त्याच्याच दस्तरखानावर, त्याच्याच मिठाशेजारी बसून तिच्या ओठांना ते जमेना. तिने एकदा तोंड उघडलं आणि बोरसोक पुढे केले.

“घ्या ना अजून.”

“मी घेतो. पण नाव?”

“अपा, तुम्ही सांगा,” बुरुल सासूला म्हणाली. अपा म्हणजे आई.

“मी?” सायराकान म्हणाली. “माझा नवरा आहे तो. तू सहा वर्षं धरून आहेस, मी चाळीस. आज या साहेबांच्या रकान्यासाठी सोडू?”

मेदेरला काही कळेना. त्याने एका बाईकडे बघितलं, मग दुसरीकडे. “या घरात कोणालाच पक्ष्याचं नाव माहीत नाही का?”

मग सगळे उलारबेककडे बघायला लागले. तो पियाला हातात फिरवत होता. तोंडातून एक शब्द काढायचा, तोही स्वतःचा. पण त्या शब्दाबरोबर पलीकडचा उतार जाणार होता. बापाने दाखवलेला सुळका, टोपी ठेवायचा दगड, खोटे सातशे मीटर, सगळं. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागत होतं. गप्प बसल्याबद्दल कोणी कधी कोणाला बोल लावत नाही.

त्याने पियाला पालथा घातला. आमच्याकडे याचा अर्थ, आता चहा नको.

“तक्त्यात दुसऱ्या निरीक्षकाची जागा आहे?”

“आहे. त्याने साधनातून प्रत्यक्ष पाहिलेलं असलं पाहिजे.”

“एक किलो तीस ग्रॅमचं साधन आहे. भिंतीवर टांगलंय. तोलून हवं तर काटा देतो.” मग तो खाकरला. “लिही. उलार. अकरा.”

मेदेरने लिहिलं. “आणि दुसऱ्या निरीक्षकाचं नाव?”

“आत्ता सांगितलं ना,” उलारबेक म्हणाला. “त्यालाच बेक जोड.”

सायराकान हसता हसता दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गादी होती.

उतार राखीव झाला. पाटी लागली. बुरुल कायम झाली, आणि तिच्या हाताखाली, बिनपगारी, उलारबेक. गावात तो आता सांगतो की पलीकडे चाळीस उलार आहेत. बुरुल सांगते तेरा. मी तिच्या बाजूने आहे. दिवसा ती हलकी नेते, पहाटे मला. हलकीचं आणि माझं बरं चाललंय. ती मला जड म्हणत नाही आणि मी तिला उथळ म्हणत नाही, निदान तोंडावर.

दुर्बीण घ्यायला निघालेल्यांना माझी एकच विनंती. दुकानात काट्यावर घालून बघा, गळ्यात घालून बघा, सगळं बघा. पण ती कोण उचलणार, घोडा की मान, आणि कधी बघणार, दुपारी की पहाटे, हे घरीच ठरवून निघा. अर्ध्या किलोसाठी माणसं उगाच भांडतात. तेवढ्यात उजाडून जातं.

आता माझी सध्याची अवस्था. माझ्या उजव्या नळीत, खालच्या कोपऱ्यात, धुकं धरलंय. ते बसलं ऑक्टोबरात. उलारबेक काठावर बसून मला खोऱ्यातल्या रस्त्याकडे लावून होता. चार किलोमीटरवर एक गाडी थांबली, एक माणूस उतरला, पाठीवर पिशवी टाकून चालू लागला. उलारबेकने मला बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग बुरुलच्या हातात देत म्हणाला, “बघ गं, काच धूसर झालीय की काय.”

बुरुलने बघितलं. ती म्हणाली, “आलेत,” आणि मला टोपीवर टाकून उतारावरून पळत सुटली.

त्या दिवशी पाऊस नव्हता. सामात आता म्हणतो, शहरात नेऊन उघडून पुसून आणतो. उलारबेक म्हणतो, राहू दे. मीही म्हणते, राहू दे. हलकी बिचारी चारी बाजूंनी बंद आहे, तिच्यात पाणी जात नाही. माझ्यात जातं.